हातभर कमी पडलेली फळी

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी इतकी जुनी आहे की माझं नेमकं वय मलाच सांगता येत नाही. पण जुनी माणसं जशी शांत बसतात तशी मी बसेन असं समजू नका. मला बसवतच नाही. मी बेकरीतली फळी आहे. पुढे रुंद पातळ पातं, मागे लांब लाकडी दांडा. कच्चे पाव भट्टीत सरकवायचे आणि भाजले की बाहेर ओढायचे, हे माझं काम. आत, बाहेर, आत, बाहेर. तुम्हाला शाळेच्या शेवटच्या तासाला पायात मुंग्या येतात ना, तसं मला कायमच होतं.

आणि सध्या तर फार होतं. कारण मला भिंतीवर टांगलंय. खाली पिवळा दिवा, भोवती चौकट, दर रविवारी पॉलिश. लोक येतात, माझ्यासमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि माझ्याबद्दलची एक गोष्ट एकमेकांना सांगतात. गोष्ट फार छान आहे. फक्त ती खरी नाही. मला तोंड असतं तर मी कधीच मध्ये बोलले असते.

आता सुरुवातीपासून सांगते.

माझं पातं ज्या लाकडाचं आहे, ते आधी या शहराच्या तटाच्या मोठ्या दरवाजात होतं. त्या जन्मातलं मला फार आठवत नाही. एक आवाज मात्र आठवतो, ठोठावण्याचा. प्लेग आला होता आणि शहराने दरवाजा लावून घेतला होता. बाहेर राहिलेल्यांत आतल्यांचे मामा होते, व्याही होते, बाजाराला गेलेला कुणाचा नवरा होता. ते ठोठावत राहिले आणि आतले कानांवर हात ठेवून बसले. घाबरलेले दोघेही होते. गंमत अशी की रोग उंदरांच्या अंगावर बसून कधीच आत आला होता, आणि उंदरांनी काही दरवाजा ठोठावला नव्हता.

पुढे शहर वाढलं, तट पाडला, लाकूड विकायला निघालं. एका पाववाल्याने त्यातली एक फळी उचलली आणि सुताराकडे दिली.

"दांडा लांब ठेव," पाववाला म्हणाला. "माझी भट्टी अजगराच्या पोटासारखी खोल आहे."

"इतका लांब ठेवला तर अर्धा गल्लीत येईल," सुतार म्हणाला.

"येऊ दे. गल्ली काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

असा माझा जन्म झाला, सासऱ्याच्या नावाने. आणि खरंच, गल्ली इतकी अरुंद होती की मला भट्टीतून ओढताना दांड्याचं टोक बेकरीच्या खिडकीतून बाहेर जायचं आणि समोरच्या घराच्या खिडकीच्या गजांना टकटक करायचं. समोर एक शिंपी राहायचा. तो ओरडायचा, "आलो आलो, कोण आहे?" आणि मग हसायचा. रोज तोच विनोद, रोज तेच हसू. मला तो फार आवडायचा.

मग पटकी आली. जुलाब, उलट्या, आणि सकाळी चालताबोलता असलेला माणूस संध्याकाळी नाही. शिंप्याच्या घरात ती आधी शिरली. त्याची बायको गेली, मग तो गेला. घरात राहिली त्यांची लहान मुलगी. गल्लीतल्या लोकांनी त्या घराच्या दाराला बाहेरून फळ्या ठोकल्या. ती आत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनच ठोकल्या.

आता ऐका, इथे ती छान गोष्ट सुरू होते. लोक सांगतात की सगळ्या गल्लीने मिळून त्या मुलीला जगवलं. कुणी दूध दिलं, कुणी चादर दिली, आणि या फळीवरून सगळ्यांचं प्रेम पलीकडे गेलं.

मी तिथे होते, मित्रांनो. माझ्यावरून एकीचेच पाव गेले. पाववालीचे.

ती पाववाल्याची बायको, बारीक अंगाची, चिडक्या आवाजाची बाई होती. सुरुवातीला नुसती येरझारा घालत होती. मग तिने गरम पाव माझ्या पात्यावर ठेवले, दांड्याला चहाची किटली अडकवली आणि मला खिडकीतून समोरच्या गजांपर्यंत ढकललं. मुलीचा हात बाहेर आला. रोज हेच चाललं. प्रत्येक वेळी परत आल्यावर पाववाली माझं पातं निखाऱ्यांवर धरायची. मी काळी पडले ती तेव्हाची.

गल्लीने पाव घेणं बंद केलं. ती रोग ओढून आणतेय, असं लोक म्हणू लागले. तिच्या दिराने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, तुम्हाला एकटीलाच मोठेपणा मिरवायचाय का?"

ती म्हणाली, "भाऊजी, मिरवायला बघणारं कुणी दारात उभं तरी आहे का?"

एकदा कुलपं बनवणाऱ्याने दगड मारला. माझ्या डाव्या कडेला खाच आहे ती त्याची. आणि हे सगळे शूर लोक, माझ्या पात्याला भिऊन भिंतीला चिकटून चालणारे, रोज सकाळी एकाच विहिरीचं पाणी भरत होते. रोग त्या पाण्यात होता. तेव्हा ते कुणालाच कळलं नव्हतं. पाववालीलाही नाही. ती बिचारी आपली मला भाजत बसायची. मुलगी वाचली ती बहुधा उकळलेल्या चहामुळे.

साथ सरली. पाववालीने दाराच्या फळ्या उपटल्या आणि मुलीला घरी आणलं. ती भट्टीच्या उबेत वाढली, पुढे याच घरची सून झाली. सगळे तिला मोठी आई म्हणू लागले. घरात तिचा शब्द शेवटचा असायचा, आणि माझ्या दांड्याला तिच्याशिवाय कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

मोठ्या आईच्या वेळी दुसरी साथ आली. मानमोडी. ताप, खोकला, आणि धडधाकट तरुण माणसं बघता बघता आडवी. आता मोठी आई तयार होती. तिला काय, सगळं माहीत होतं. तिने पाणी उकळलं, भांडी उकळली, मला निखाऱ्यांवर इतकं धरलं की मला वाटलं आता माझीच राख होते. बेकरीत सगळं कसं चकचकीत. आणि त्या चकचकीत बेकरीत, दारं-खिडक्या घट्ट लावून, मोठ्या आईचा नवरा आणि कामावरचे गडी खांद्याला खांदा लावून कणीक मळत होते. खोकत होते आणि मळत होते. या वेळी रोग श्वासातून येत होता. माझ्या पात्यावर तो नव्हताच.

मोठ्या आईचा नवरा गेला. दोन गडी गेले. शहरात तर असं झालं की शाळा बंद, दुकानं बंद, टपाल वाटायला माणूस नाही आणि खड्डे खणायलाही माणूस नाही. लोक एका शत्रूची वाट बघत होते, भलताच आला. मी जेवढ्या साथी पाहिल्या त्यात हेच झालं. दर वेळी माणसं मागच्या रोगाशी लढतात.

आणि त्या साथीची गोष्ट कुणीही कुणाला सांगितली नाही. एक ओळसुद्धा नाही. ती संपली आणि लोक असे घाईघाईने हसायला लागले, लग्नं लावायला लागले, जणू काही झालंच नव्हतं. मोठी आई तेवढी कधीकधी पीठ मळायचं थांबवायची आणि हाताकडे बघत राहायची. मला वाटायचं, आता कुणीतरी तिला काहीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही.

मग पुष्कळ वर्षं मी नुसतं काम केलं. दांडा झिजला, नवा बसवला, तोही तितकाच लांब. मोठी आई गेली. तिच्या पोरांची पोरं झाली. शेवटी विजेची भट्टी आली, स्टीलचे ट्रे आले. दुकानाला नवा रंग दिला तेव्हा आत्ताच्या मालकाने मला अडगळीतून काढलं.

या मालकाला त्याची मुलगी बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. मुलीचं टोपणनाव भिंगरी. ती एका जागी टिकत नाही, त्यामुळे घरात माझं जर कुणाशी पटत असेल तर तिच्याशीच. आणि गल्ल्यावर बसते ती बाबांची मोठी बहीण, भिंगरीची आत्या. तिच्या जिभेपेक्षा ब्रेड कापायची सुरी बोथट आहे.

"हिला भिंतीवर लावू," बाबा मला पुसत म्हणाले. "आपल्या गल्लीची शान आहे ही."

चौकट तयार करून आणली. मी तीत मावेना. दांडा छतापर्यंत जात होता. बाबांनी डोकं खाजवलं, करवत आणली आणि माझा दांडा हातभर कापला. वरून टोक गोल घासून घेतलं, वॉर्निश लावलं.

"आता कशी सुबक दिसते," बाबा म्हणाले.

"केस कापल्यावर तूही असाच दिसतोस," आत्या म्हणाली. "सुबक आणि बिनकामाचा."

ती गोष्ट सांगायला हक्काचा माणूस होता, कुलूपवाले काका. शेजारी त्यांचं कुलपांचं दुकान, पिढ्यान् पिढ्यांचं. गिऱ्हाईक पाव घ्यायला आलं की काका सरकत सरकत यायचे. "ही फळी बघताय ना? आमची गल्ली पहिल्यापासून अशीच. सगळ्यांनी मिळून त्या पोरीला जगवलं. आमच्या पणजोबांनी तर स्वतः दूध दिलं होतं."

त्यांच्या पणजोबांनी काय दिलं होतं ते माझ्या डाव्या कडेला कोरलेलं आहे. पण सांगणार कशी?

मग करोना आला. तो तुम्ही पाहिलाच आहे, तुमच्या शाळा घरात आल्या होत्या. आत्याने ब्रेडची पाकिटं साबणाने धुवायला सुरुवात केली. ब्रेड ओला व्हायचा, त्याला वास यायचा. "जिवापेक्षा वास मोठा आहे का?" असं ती गिऱ्हाइकालाच झापायची. दुकानासमोर खडूने गोल काढले, लोक त्यात उभे राहायचे. एवढं करून गोलातले दोघं-तिघं मास्क हनुवटीवर ओढून, डोक्याला डोकं लावून नवीन बातमी सांगायचे. मी भिंतीवर तडफडत होते. पाकिटं सोडा, श्वासाकडे बघा, मानमोडीत हेच झालं होतं! पण लाकडाचं कोण ऐकतं?

समोरच्या घरात, त्याच खिडकीच्या खोलीत, आता एक नर्स भाड्याने राहत होती. गल्ली तिला सिस्टर म्हणायची. एकटीच होती. सकाळी बसस्टॉपवर पळत जायची आणि येताना ब्रेड घ्यायची. भिंगरीला तिने एकदा जीवशास्त्राची आकृती अशी झटपट काढून दिली होती की भिंगरीने ती वहीतून फाडून कपाटावर चिकटवली.

साथ वाढली तशी गल्लीची नजर बदलली. सिस्टर आली की लोक गोल सोडून मागे सरायचे. घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितलं. ती म्हणाली, हॉस्पिटलच्या वसतिगृहात जागा नाही, मिळेपर्यंत राहू द्या. मग एका दुपारी कुलूपवाले काका बेकरीत आले, लांब उभे राहिले.

"हे बघ," ते बाबांना म्हणाले, "मी काही तिच्या वाइटावर नाही. बिचारी चांगली मुलगी आहे. पण चांगली माणसं दुसरीकडेही राहू शकतात ना?"

बाबा रिकामा ट्रे पुसत राहिले.

"तू तिला ब्रेड देणं बंद कर. बाकी दुकानवाले तयार आहेत. खायला मिळालं नाही की आपोआप जाईल. आणि तू देत राहिलास तर आम्हाला आमचा ब्रेड दुसरीकडून आणावा लागेल. ही धमकी नाही हं. आपलं सांगून ठेवतोय."

जाता जाता त्यांनी माझ्याकडे एकदा कौतुकाने बघितलंसुद्धा.

संध्याकाळी सिस्टर आली. गोलात उभी राहिली. मास्कच्या वर डोळे लाल झाले होते.

"दादा, एक मोठा ब्रेड."

बाबा गल्ल्याकडे बघत म्हणाले, "संपले."

सिस्टरने त्यांच्या मागे पाहिलं. मागे सगळे ट्रे भरलेले होते. तिने पाहिलं आणि बाबांना ते दिसू दिलं नाही. "बरं," ती म्हणाली, "उद्या बघते."

ती गेल्यावर भिंगरी आतून आली.

"बाबा, ट्रे तर भरलेत."

"दिसतंय मला."

"मग संपले कसे?"

"तुझा तास सुरू असेल. आत जा."

"नेट गेलंय."

"मग अभ्यास कर."

"अभ्यास नेटवरच आहे, बाबा. ट्रे भरलेत ते मी बिननेटची बघतेय."

"हे बघ," बाबा हळू आवाजात म्हणाले, "गल्लीने ब्रेड घेणं बंद केलं तर कामावरच्या माणसांना मी काय सांगू? तू काय सांगशील?"

भिंगरी आत निघून गेली. बाबा वाईट नाहीत, मित्रांनो. ते रात्री झोपत नव्हते, दिवसा चार वेळा मालाचा हिशोब करत होते. भीती माणसाला आधी हिशोबी बनवते आणि मग माणूस म्हणतो, मी शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशीही ब्रेड संपले होते. त्यानंतर सिस्टर आलीच नाही. तिने खिडकीतूनच गल्लीला सांगितलं, "मला ताप आहे. तपासणीला दिलंय. मी दार उघडणार नाही, तुम्हीही जवळ येऊ नका." तिने हॉस्पिटलला फोन केला. खाटा भरलेल्या होत्या, श्वासाला त्रास नसेल तर घरीच थांबा म्हणाले. ज्या वॉर्डात ती रोज लोकांना जागा करून द्यायची, तिथे तिलाच जागा नव्हती.

गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता हॉस्पिटलची गाडी येईल आणि घेऊन जाईल, असं सगळे म्हणत होते. गाडी आली नाही. मी भिंतीवरून समोरची खिडकी बघत होते. सिस्टर तांब्याभर पाणी घेऊन यायची, गजांना कपाळ लावून बसायची. कपाळ थंड करत असावी. तिच्या ओट्यावर बिस्किटांच्या पुड्याचा रिकामा कागद होता. तोच कागद दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, शेजारी नवीन काही नाही.

मित्रांनो, मला त्या वेळी काय झालं असेल? मी दोन खिळ्यांवर टांगलेली. खिडकी समोर. गल्ली तेवढीच अरुंद. आणि खाली पिवळा दिवा माझी शोभा वाढवतोय.

दुपारी भिंगरीने स्टूल ओढलं.

"पडशील, मेले," आत्या म्हणाली. "ती शोभेची आहे."

"हिला कंटाळा आलाय, आत्या," भिंगरी म्हणाली आणि तिने मला खिळ्यांवरून उतरवलं.

कुणी माझं ऐकलं असेल तर ते तेवढंच, तेवढ्याच वेळी.

तिने पाकिटातला ब्रेड माझ्या पात्यावर ठेवला, मास्क नाकावर ओढला, मला खिडकीच्या चौकटीवर टेकवलं आणि ढकललं. किती वर्षांनी मी उन्हात आले! गल्ली तशीच होती. वर गॅलऱ्यांमध्ये माणसं गोळा झाली. मी पुढे सरकत होते, सरकत होते, आणि थांबले.

दांडा संपला होता.

भिंगरी कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली. सिस्टरने गजांतून हात काढला. तिची बोटं आणि माझं पातं यांच्यामध्ये हातभर जागा राहिली. नेमकी तेवढीच, जेवढा माझा दांडा कापून सुबक केला होता.

"पोरी, फळी आत घे," काका त्यांच्या दारातून म्हणाले.

सिस्टरने हात मागे घेतला. "पुरत नाहीये गं," तिचा आवाज खरखरत होता. "राहू दे. तू आत जा. आणि मास्क खाली आलाय बघ तुझा, नीट कर."

वजनाने मी पुढे कलले. माझ्या पात्यावरचं पाकीट सरकायला लागलं. भिंगरी रडत होती, पण तिने मला सोडलं नाही. बाबा मागे उभे होते. त्यांची नजर सिस्टरकडे नव्हती, काकांकडे नव्हती. ती भिंगरीच्या मुठीतल्या माझ्या टोकावर होती. गोल घासलेल्या, वॉर्निश लावलेल्या टोकावर.

तेवढ्यात आत्या आतून काहीतरी घेऊन आली.

"हा घे."

"मॉप?" बाबा म्हणाले.

"मॉपचा दांडा. फडकं काढलंय. धुतलेला आहे, तुझ्या दुकानात मी मनापासून धुते अशी ही एकच वस्तू."

"तूच म्हणत होतीस ना, तिच्या वाऱ्याला उभं राहू नका."

"वाऱ्याला नाहीच उभी राहणार. म्हणून तर दांडा आणलाय. बांधतोस का मी बांधू?"

बाबांनी मैद्याच्या पोत्याची सुतळी उचलली. मला आत ओढलं आणि मॉपचा निळा प्लॅस्टिकचा दांडा माझ्या टोकाला बांधू लागले. एक वेढा, दुसरा वेढा, दातांनी गाठ आवळली. मी किती विचित्र दिसत असेन! पुढे तटाच्या दरवाजाचं लाकूड, मागे निळं प्लॅस्टिक. पण अंगात असं काही संचारलं की सांगता येत नाही.

या वेळी दांडा बाबांनी धरला.

"विचार कर हं," काका म्हणाले.

"केला, काका," बाबा म्हणाले. "तुम्ही उद्यापासून दुसरीकडून आणा."

मी गजांपर्यंत पोहोचले. सिस्टरने पाकीट उचललं तेव्हा तिचा तळवा माझ्या पात्याला लागला. मी आयुष्यभर भट्टीत गेले आहे, मला उष्णता ओळखता येते. ही भट्टीची नव्हती. माणूस आतून जळत असतो ती ही उष्णता. तिने पाकीट छातीशी धरलं.

मी रोज जाऊ लागले. ब्रेड, चहा, औषधाची पट्टी. गिऱ्हाईक खरंच तुटलं. सकाळचे ट्रे संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे आणि आत्या त्यातल्या ब्रेडचे टोस्ट करून ठेवायची. "आता जन्मभर टोस्टच खा," म्हणायची. काही लोक मागच्या दाराने यायचे, ब्रेड घ्यायचे आणि आपण आलो होतो हे सांगू नका म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मात्र सगळ्यांसमोर डबा आणून माझ्या पात्यावर ठेवला, आणि मला दटावलं, "सांडू नकोस." मला! त्या काकू मला फारच आवडल्या.

सिस्टर बरी झाली. पुन्हा बसस्टॉपवर पळू लागली, थोडी हळू. गल्ली तिच्याकडे बघून हसू लागली. घरमालक म्हणाला, राहा, माझं काही म्हणणं नव्हतंच. मला वाटलं, झालं, गोष्ट गोड झाली.

मग एक दिवस ती बॅग घेऊन बेकरीत आली.

"दादा, वसतिगृहात जागा मिळाली. निघते."

"राहा ना," बाबा म्हणाले. "आता कुणी काही म्हणत नाही."

"हो, म्हणत नाही कुणी," सिस्टर म्हणाली. "पण मला ऐकू येतं."

तिने पर्स उघडली.

"एक मोठा ब्रेड द्या. आज आहेत ना?"

"आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी पाकीट बांधायला इतका वेळ लावला की शेवटी आत्याने ते त्यांच्या हातातून घेतलं. भिंगरी सिस्टरबरोबर बसस्टॉपपर्यंत गेली.

त्यानंतर मला पुन्हा भिंतीवर लावलं. निळ्या दांड्यासकट. तो चौकटीच्या बाहेर येतो आणि छताला टेकतो, चांगलं दिसत नाही असं बरेच जण सांगतात. आत्या म्हणते, "मला माझा मॉप परत हवाय," पण मागत नाही.

मध्यंतरी एका शाळेची लहान मुलं मला बघायला आली होती, बाई त्यांना घेऊन आल्या होत्या. कुलूपवाले काका सरकत सरकत आलेच. "ही आमच्या गल्लीची शान," ते म्हणाले. "पटकीतही आणि आता करोनातही. सगळ्या गल्लीने मिळून त्या सिस्टरला जगवलं."

"सगळ्या नाही, काका," भिंगरी म्हणाली.

"अगं, म्हणजे तसंच."

"तसंच नाही." मग तिने मुलांना दगडाची खाच दाखवली आणि विचारलं, "दूध सांडल्यावर लाकडाला अशी खाच पडते का?" मुलं हसली. काकांना तेवढ्यात दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवलं.

"मग ब्रेड कुणी दिला?" एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

भिंगरी बाबांकडे वळून "यांनी" म्हणणारच होती. बाबा गल्ल्यामागून बाहेर आले.

"आधी मी दिला नव्हता," ते म्हणाले. "ती मागायला आली तेव्हा मी संपले म्हणालो."

"आणि संपले होते?"

"नव्हते. हे एवढे होते." त्यांनी हातानेच ट्रे दाखवले.

"मग तसं का म्हणालात?"

"घाबरलो होतो."

चष्मेवाली मुलगी बाबांकडे अजिबात रागाने बघत नव्हती. तिने मान हलवली, जणू तिला हे नेमकं कळत होतं. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर कुणी स्वतःच्या वागण्याबद्दल खरं बोललं, ते पहिल्यांदा.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणेन. पण पॉलिशने नको. मला चौकटीत मावेल इतकं कापू नका, आणि माझी गोष्टही ऐकायला गोड लागेल इतकी कापू नका. पुढची साथ पाण्यातून येईल, श्वासातून येईल, की आणखी कुठून, मला खरंच माहीत नाही, आणि त्या विचाराने मी या खिळ्यांवर एक दिवसही स्वस्थ नसते. ती आली की तुम्ही घाबराल. घाबरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दूर उभे राहा, तोंड झाका, हात धुवा, दार लावून घ्या. फक्त समोरच्या खिडकीतून कुणी मागितलं आणि तुमच्या मागे ट्रे भरलेला असला, तर संपले म्हणू नका.